बटण दोनदा दाबले म्हणून मेमो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतसंस्थांच्या कचेऱ्यांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. सभेच्या नोटिसा, अहवालाची छपाई, सभासदांना एसएमएस, आणि सभेने मंजुरी दिली की लाभांश जमा करणे. ही कामे आता ब्राउझरमधल्या एकेका बटणावर आली आहेत. त्या बटणामागे काय चालते आणि कसे चालायला हवे, हे संचालकांनी आणि सचिवांनी समजून घ्यावे, या कळकळीने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर माझी तक्रार कापा, पण तांत्रिक तपशील ठेवा. 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढेच छापून येते आणि ती अडचण नेमकी कोणती, हे वाचकाला कधी कळत नाही.

मी तासगावला राहते. पीएचपी या संगणकाच्या भाषेत सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय. बेदाण्याच्या शीतगृहांचा साठा आणि भाड्याची बिले, महाविद्यालयांचे प्रवेश, पतसंस्थांचे हिशेब अशी कामे माझ्याकडे असतात. जिल्ह्याबाहेरच्या एका पतसंस्थेने मला मध्यंतरी बोलावले होते. त्यांचे सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणी लिहिलेले. मला फक्त काय झाले ते बघून लेखी द्यायचे होते.

झाले होते ते असे. संस्थेचे सभासद सुमारे ६,०००. सभा झाली, लाभांश मंजूर झाला. लेखा विभागातल्या लिपिक बाईंनी सकाळी 'लाभांश जमा करा' हे पान उघडले, वर्ष निवडले आणि बटण दाबले. चाक फिरत राहिले. मिनिटभराने पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन शब्द आले : ५०४, गेटवे टाइमआउट. दुसऱ्या टॅबमध्ये खतावणी उघडून बघावी म्हणून त्यांनी क्लिक केले, तर तोही टॅब अडकला. मग शेजारच्या सहकाऱ्याला त्याच्या संगणकावर बघायला सांगितले. काही सभासदांच्या खात्यावर रक्कम जमा दिसत होती, बाकीच्यांच्या नाही. म्हणजे काम अर्ध्यावर तुटले, असेच कुणालाही वाटेल. "उरलेल्यांचं होईल म्हणून मी परत दाबलं हो मॅडम," त्या मला म्हणाल्या. संध्याकाळी रोजकीर्द जुळेना. सगळ्यांना लाभांश दोनदा जमा झाला होता, एसएमएसही दोनदा गेले होते. काही सभासदांनी त्याच दिवशी येऊन पैसे काढले. पुढे उलट नोंदी, वसुलीची पत्रे, संचालकांची तातडीची बैठक, आणि बाईंच्या हातात मेमो : निष्काळजीपणे आदेश दोनदा दिला, फरकाची रक्कम पगारातून का वसूल करू नये याचा खुलासा करावा.

मी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. चूक त्या बाईंची नव्हती, हे त्या नोंदींत ओळीओळीने लिहिलेले होते.

आता जरा तपशिलात जाते. वेबसाइट चालवणाऱ्या संगणकावर बहुतेक ठिकाणी दोन वेगवेगळे प्रोग्रॅम असतात. बाहेरच्या माणसाशी बोलतो तो वेबसर्व्हर. या संस्थेत तो एनजिनएक्स नावाचा होता. आणि आत प्रत्यक्ष हिशेब करते ती पीएचपीची स्क्रिप्ट, म्हणजे पीएचपीत लिहिलेला प्रोग्रॅम. बटण दाबले की वेबसर्व्हर ते काम पीएचपीकडे देतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो. किती वेळ? कुणी बदलले नसेल तर एनजिनएक्स ६० सेकंद थांबतो. तेवढ्यात आतून एक अक्षरही आले नाही, तर तो नाद सोडतो आणि ब्राउझरला ५०४ कळवतो. त्याच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, 'अपस्ट्रीम टाइम्ड आउट' अशी ओळ पडते. त्या सकाळच्या दोन ओळी मला तिथे सापडल्या, दोन वेळा दाबलेल्या बटणाच्या दोन.

पण वेबसर्व्हरने नाद सोडला म्हणून आतले काम थांबत नाही. या लाभांशाच्या स्क्रिप्टमध्ये एका सभासदाची रक्कम काढायची, बचत खात्यावर जमा करायची, लगेच त्याला एसएमएस पाठवायचा आणि मग पुढच्या सभासदाकडे वळायचे, अशी रचना होती. एसएमएस कंपनीच्या सर्व्हरचे उत्तर यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो असे धरा. ६,००० सभासदांचे २,००० सेकंद झाले, म्हणजे ३३ मिनिटे. साठ सेकंदांत जेमतेम १८० जणांचे काम होते. बाईंना पडद्यावर ५०४ दिसले तेव्हा आत स्क्रिप्ट पहिल्या दोनशे सभासदांतच होती, आणि ती शांतपणे पुढे चालत राहिली.

पीएचपीलाही स्वतःची मर्यादा असते, ३० सेकंदांची. मग ती स्क्रिप्ट तीस सेकंदांत का थांबली नाही, असे त्या संस्थेतल्या एका तरुण संचालकाने विचारले. प्रश्न योग्य होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ही तीस सेकंदे म्हणजे स्क्रिप्टने स्वतः काम केलेला वेळ. डेटाबेसच्या उत्तराची वाट, नेटवर्कच्या उत्तराची वाट, हे त्यात धरतच नाहीत. एसएमएससाठी थांबण्यातच जवळपास सगळा वेळ जात होता, त्यामुळे घड्याळात अर्धा तास उलटला तरी पीएचपीच्या मोजणीत तीस सेकंद भरली नव्हती. विंडोजवर हीच मोजणी घड्याळाप्रमाणे होते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपवर चाचणीसाठी वीस सभासद घातलेले असतात, काम सात सेकंदांत संपते, आणि "आमच्याकडे व्यवस्थित चालतं" हे त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेच असते.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला त्या बाईंचे फार वाईट वाटले. त्यांचा दुसरा टॅब का अडकला? पीएचपी लॉगिन केलेल्या माणसाची माहिती सहसा एका सेशन फाइलमध्ये ठेवते, आणि एक स्क्रिप्ट ती फाइल वापरत असेपर्यंत तिला कुलूप लावते. लाभांशाची स्क्रिप्ट ते कुलूप घेऊन अर्धा तास बसली होती. त्यामुळे त्याच लॉगिनवरून मागितलेले प्रत्येक पान बाहेर ताटकळत राहिले. खात्री करून घ्यायचा जो एकमेव मार्ग बाईंच्या हातात होता, तो सॉफ्टवेअरनेच बंद करून ठेवला होता. त्याहून विचित्र म्हणजे, दुसऱ्यांदा दाबलेल्या बटणाचे कामही त्याच कुलपापाशी थांबले होते. त्याला मिनिटभरात ५०४ मिळाले, पडद्यावरून ते नाहीसे झाले, पण सर्व्हरवर ते वाट बघत उभेच होते. पहिले काम संपले, कुलूप सुटले, आणि दुसरे काम पहिल्या सभासदापासून नव्याने सुरू झाले. तोवर बाई दुसऱ्या कामाला लागलेल्या होत्या. त्या वेळी त्यांनी काहीही दाबलेले नव्हते. सेशनचे काम झाल्यावर कुलूप सोडण्यासाठी पीएचपीत एक ओळ लिहिली की पुरते, ती लिहिलेली नव्हती.

मी हे सगळे लिहून दिले. पगारातून वसुली थांबली. मेमो मात्र सेवापुस्तकात तसाच आहे, असे ऐकते.

सॉफ्टवेअरवाल्याने यानंतर काय दुरुस्ती केली? वेबसर्व्हरची मर्यादा ६० सेकंदांवरून एक तासावर नेली आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर 'वेळेची मर्यादा नाही' अशी ओळ घातली. आपल्याकडे नव्वद टक्के ठिकाणी अशीच मलमपट्टी होते, असे म्हणायचा मोह होतो, पण आकडा माझ्याकडे नाही. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तरी हेच झाले आहे. याने ५०४ दिसायचे बंद होते. पण बाईंनी तासभर तो टॅब उघडा ठेवून बसायचे. मधे लाइट गेली, ब्रॉडबँड गेले किंवा चुकून टॅब बंद झाला तर काम चालू राहिले की तुटले हे सांगता येत नाही. याचे उत्तर स्क्रिप्ट कशी लिहिली आहे त्यावर ठरते. पलीकडे ऐकणारा माणूस निघून गेला, हे पीएचपीला त्याच्याकडे काही पाठवायला गेल्यावरच कळते. 'इतके झाले, तितके झाले' असे मधेमधे छापणारी स्क्रिप्ट त्या क्षणी मरते. काहीच न छापणारी शेवटपर्यंत चालते. बटण तेच, सर्व्हर तोच, आणि परिणाम उलटे. पैशांचा व्यवहार अशा भरवशावर सोडणे मला मान्य नाही.

यात त्याच वेळी साइट वापरणाऱ्या बाकीच्यांचेही नुकसान आहे. पीएचपीचे काम करणाऱ्या प्रोसेस, म्हणजे एका वेळी एकच काम करणारे हात, ठरावीक संख्येने असतात. या प्रोसेस सांभाळणारे पीएचपी-एफपीएम नव्याने बसवले आणि सेटिंग बदलले नाही, तर एका वेळी जास्तीत जास्त पाच. महाविद्यालयात पाच विभागांतल्या पाच जणांनी एकाच वेळी 'सर्व हॉल तिकिटे तयार करा' दाबले की पाचही प्रोसेस त्यातच गुंततात. मग ज्या विद्यार्थ्याला फक्त लॉगिन करून फॉर्म भरायचा आहे, त्याचे पान उघडत नाही. 'सर्व्हर डाऊन' म्हणून बातमी येते, नवा मोठा सर्व्हर घ्यायचा ठराव होतो, आणि त्या वेळी जुन्या सर्व्हरचा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो.

काही जण यातून अर्धी वाट काढतात. स्क्रिप्टमधून सर्व्हरवर एक वेगळा प्रोग्रॅम सोडायचा आणि आदेशाच्या शेवटी अँपरसँड (&) लावून त्याला मागे ढकलायचे. इथेही त्या प्रोग्रॅमचे आउटपुट दुसरीकडे वळवले नाही, तर पीएचपी तो संपेपर्यंत थांबूनच राहते, आणि मग तक्रार येते की 'मागे ढकललं तरी पान फिरतंच आहे'. आउटपुट वळवले तर पान लगेच परत येते हे खरे. पण ते काम सुरू झाले का, कुठवर आले, कुठे पडले, याची नोंद कुठेच नसते. बटण दोनदा दाबले तर दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी धावतात. रात्री सर्व्हरवर अपडेट येऊन पीएचपीची सेवा रीस्टार्ट झाली, तर तिच्या पोटी जन्मलेले प्रोग्रॅमही सहसा तिच्याबरोबर बंद केले जातात. पीएचपी-एफपीएममध्ये ब्राउझरला उत्तर देऊन टाकून मागे काम चालू ठेवायची सोयही आहे. एखादा ईमेल पाठवण्याइतक्या दोन सेकंदांच्या कामाला ती चांगली आहे, मी स्वतः वापरते. अर्ध्या तासाच्या कामाला नाही, कारण त्या पाचांतली एक प्रोसेस तेवढा वेळ अडकून राहतेच.

मग योग्य पद्धत कोणती? तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत ती पूर्वीपासून आहे. आपण अर्ज देतो, आवक लिपिक आवक-जावक नोंदवहीत नोंद करून क्रमांक टाकतो, शिक्का मारून पोच देतो आणि पुढच्याला बोलावतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तो आपल्याला खिडकीशी उभे करत नाही, आणि आपण पुन्हा तोच अर्ज नेला तर वही बघून सांगतो की हा आलेला आहे. वेब पानामागच्या स्क्रिप्टने एवढेच करायचे असते.

म्हणजे बटण दाबले की स्क्रिप्टने डेटाबेसमधल्या कामांच्या तक्त्यात एक ओळ लिहायची : काम कोणते, कोणत्या वर्षाचे, कुणी सांगितले, केव्हा सांगितले, स्थिती 'बाकी'. क्रमांक पडद्यावर दाखवायचा आणि संपायचे. याला सेकंदाचा लहानसा भाग लागतो. प्रत्यक्ष काम करायला वेबसर्व्हरपासून पूर्ण वेगळा प्रोग्रॅम ठेवायचा, त्याला आम्ही वर्कर म्हणतो. तो तक्ता बघतो, पहिली बाकी ओळ उचलतो, स्थिती 'चालू' करतो, काम करतो आणि 'पूर्ण' किंवा 'अयशस्वी' लिहून ठेवतो. ब्राउझर, टॅब, ५०४, सेशनचे कुलूप यांच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. कमांड लाइनवरून चालणाऱ्या पीएचपीला मुळात वेळेची मर्यादाच नसते.

याला फार पैसे लागतात, हा गैरसमज आहे. वर्कर दर मिनिटाला जागा करायला क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी सोय, पुरते. क्रॉन हे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही होते, आणि आजच्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगच्या (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) सीपॅनेल या नियंत्रणाच्या पडद्यावरही त्याचे पान असते. मागचा वर्कर अजून चालू असताना दुसरा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक नावाची लहानशी आज्ञा असते. काम वाढले आणि दोन-तीन वर्कर एकदम लावायचे झाले, तर दोघांनी एकच ओळ उचलू नये यासाठी 'स्किप लॉक्ड' ही सोय पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ आवृत्तीत आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीत आली. दुसऱ्या वर्करने धरून ठेवलेली ओळ सोडून पुढची घ्यायची, एवढाच तिचा अर्थ. लॅराव्हेल ही पीएचपीची तयार चौकट वापरणाऱ्यांना तर क्यूची, म्हणजे कामांच्या रांगेची, व्यवस्था आयती मिळते, आणि ती साध्या डेटाबेसवरही चालते. पायथॉनवाल्यांकडे सेलरी आहे, रुबीवाल्यांकडे साइडकिक. यांतल्या कशालाही परवान्याचे पैसे न देता सुरुवात करता येते. महाविद्यालयांच्या वर्डप्रेस साइट चालवणाऱ्यांसाठी एक सूचना : वर्डप्रेसचे स्वतःचे क्रॉन कुणीतरी साइटला भेट दिली तरच हलते. रात्री दोनला ठरवलेले काम सकाळी पहिला विद्यार्थी आल्यावर सुरू होते आणि तेही त्याच्याच भेटीच्या निमित्ताने. ते बंद करून खरे क्रॉन लावावे.

हा विचार काही आजचा नाही. ब्राउझर आणि वेबसर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीचा दस्तऐवज मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५०४ नव्हता, पण २०२ होता. २०२ चा अर्थ, तुमची विनंती स्वीकारली आहे, काम अजून पूर्ण झालेले नाही. दिवसातून एकदाच चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमकडे काम सोपवायचे असेल, तर तोवर ग्राहकाला जोडून ठेवायची गरज पडू नये म्हणून हा क्रमांक आहे, असे तिथेच स्पष्ट केले आहे. काम कुठवर आले हे बघायची जागा किंवा ते केव्हा होईल याचा अंदाजही उत्तरात सांगावा, असेही त्यात म्हटले आहे. ज्यांनी वेब घडवले त्यांना आपल्या लाभांशासारखी कामे तेव्हाच डोळ्यांसमोर दिसत होती.

क्यूपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. वर्करही मधेच पडू शकतो. लाइट जाते, डिस्क भरते, एसएमएस कंपनीचा सर्व्हर उत्तर देत नाही. मग काम पुन्हा सुरू करावे लागतेच. म्हणून प्रत्येक काम दोनदा चालले तरी परिणाम एकदाच होईल, अशी बांधणी हवी. लाभांशाच्या बाबतीत हे अगदी सोपे आहे : सभासद क्रमांक आणि आर्थिक वर्ष ही जोडी लाभांशाच्या तक्त्यात एकदाच येऊ शकते, असे बंधन डेटाबेसवरच घालायचे, आणि ती नोंद आणि खात्यावरची जमा डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (दोन्ही होतील किंवा एकही नाही) करायची. दुसऱ्यांदा जमा करायला कुणीही गेले, लिपिक असो, वर्कर असो की स्वतः प्रोग्रॅमर, डेटाबेस नकार देतो. एसएमएस त्या व्यवहारातून बाहेर काढून वेगळे काम म्हणून रांगेत घालायचे. एसएमएस अडकला म्हणून लाभांश अडकू नये. हे बंधन लिहायला एक ओळ लागते. ती ओळ असती तर त्या संस्थेत बाईंनी बटण दहा वेळा दाबले असते तरी काही बिघडले नसते.

ऑनलाइन फीच्या बाबतीत हाच प्रश्न विद्यार्थ्यांना भोवतो. पैसे कापले गेले की पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारा मधला दुवा, संस्थेच्या सर्व्हरला तसे कळवतो. ते कळल्यावर तिथेच बसून पावतीची पीडीएफ करायची, ईमेल पाठवायचा, एसएमएस पाठवायचा, असे सगळे एकाच दमात लिहिलेले असते. उत्तर वेळेत आले नाही की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. मग एकाच फीच्या दोन पावत्या होतात, किंवा एकही होत नाही. यूपीआयने पैसे गेले पण पलीकडे जमा झाले नाहीत, तर ते ठरावीक मुदतीत आपोआप परत यावेत आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला. पण तो पैशांच्या प्रवासाचा नियम आहे. पैसे संस्थेला पोचले आणि संस्थेच्या स्क्रिप्टने अर्ज 'फी बाकी' म्हणून ठेवला, तर त्या मुलाला तो नियम उपयोगी पडत नाही. शेवटच्या तारखेला सेवा केंद्रात कापलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट घेऊन उभी असलेली मुले मी पाहिली आहेत. तिथल्या चालकाच्या हातात काही नसते, महाविद्यालयाचा फोन लागत नाही.

माझ्याकडे डिप्लोमाची मुले इंटर्नशिपला येतात. हुशार असतात. एमएसबीटीईच्या (राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ) आय स्कीम या अभ्यासक्रमात सहाव्या सत्राला पीएचपीचा विषय होता. फॉर्म, सेशन, कुकी, डेटाबेस, ईमेल पाठवणे, हे त्यांना येते. फॉर्म भरला की ईमेल गेला, एवढे प्रात्यक्षिक ती करून दाखवतात. त्याच प्रात्यक्षिकात ६,००० ईमेल पाठवून बघा, आणि मधेच टॅब बंद करून काय होते ते लिहा, असे सांगितले की पहिल्या आठवड्यात त्यांना वेबसर्व्हर आणि पीएचपी यांतला फरक कळतो, तो व्याख्यानाने कळत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रयोगवहीत या एका प्रयोगाची भर घालावी. अभ्यासक्रम बदलायची वाट बघायला नको.

आता संस्थांसाठी. सॉफ्टवेअरची वर्क ऑर्डर देताना आपण वार्षिक देखभालीची टक्केवारी घासाघीस करून ठरवतो, प्रशिक्षण किती दिवस ते लिहितो. त्यात पुढच्या ओळी घालून घ्याव्यात, मी माझ्या ग्राहकांच्या वर्क ऑर्डरमध्ये त्या स्वतःहून घालते : "दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू शकणारे कोणतेही काम वेब पानातून थेट चालवले जाणार नाही. ते रांगेत नोंदवून वापरकर्त्याला तत्काळ क्रमांक दिला जाईल. कामाची स्थिती, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ आणि अपयशाचे कारण वापरकर्त्याला दिसेल. तेच काम पुन्हा दिल्यास दुबार आर्थिक नोंद होणार नाही, आणि याची चाचणी संस्थेच्या पूर्ण सभासद यादीवर, संस्थेच्या प्रतिनिधीसमोर केली जाईल." शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. वीस सभासदांवरची चाचणी स्वीकारू नका. चालू काम मधेच तोडायला लावा, बटण पुन्हा दाबून बघा, आणि मग बिल मंजूर करा.

लेखापरीक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. दुबार जमा झालेली रक्कम आणि तिच्या उलट नोंदी दिसल्या की शेऱ्यात 'कर्मचाऱ्याची चूक' असे लिहिले जाते. त्याआधी संस्थेकडे त्या दिवसाची कामांची यादी मागावी : कोणते काम, कोणत्या लॉगिनवरून, केव्हा सुरू झाले, केव्हा संपले. अशी यादी सॉफ्टवेअर देऊ शकत नसेल, तर शेरा सॉफ्टवेअरवर लिहावा आणि ते पुरवणाऱ्याकडून खुलासा मागवावा. वेबसर्व्हरचे लॉग बहुतेक ठिकाणी दोनेक आठवड्यांत पुसले जातात, लेखापरीक्षणाच्या वेळेपर्यंत ते उरत नाहीत. म्हणून असा प्रकार घडला की त्याच दिवशी सचिवांनी लॉगची प्रत काढून फाइलला लावावी, आणि कर्मचाऱ्याला मेमो द्यायचाच असेल तर ती प्रत त्याला आधी दाखवावी.

आपली,
एक प्रोग्रॅमर, तासगाव (जि. सांगली)